कपाटावरचा कॉम्प्युटर आणि गिरणीतलं दळण

प्रत्येकीच्या घरात किंवा मंडळाच्या कार्यालयात एक तरी असा कॉम्प्युटर असतोच. त्याला प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हरवर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर कुठल्यातरी स्पर्धेचं मानचिन्ह! आमच्या महिला मंडळात तो कपाटावर होता. दहा वर्षांपूर्वी एका कंपनीने आपल्या ऑफिसातला जुना झालेला कॉम्प्युटर आम्हाला 'भेट' दिला. फोटो निघाले, हारतुरे झाले, आणि तेव्हापासून तो आमच्या गळ्यात पडला तो पडलाच.

सुरुवातीची तीन-चार वर्षं बरा चालला. नंतर मात्र बटण दाबायचं, गॅसवर चहा टाकायचा, चहा उकळून, गाळून, सगळ्यांना देऊन झाला की मग कुठे पडदा उजळायचा. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या अर्जांच्या वेळी दारात बायकांची ही रांग लागली होती. तेव्हा तर हा लटकला तो लटकलाच. सगळे अर्ज शेवटी कुणाकुणाच्या मोबाइलवर भरले. त्यानंतर तो कपाटावर गेला.

खरं सांगायचं तर मला त्याचा राग होता, आणि तो काही नुसता संथपणाचा नव्हता. थोडं मागचं सांगते.

त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. एक बाई आमच्याकडे आली. नाव-गाव सांगत नाही. घरी मारहाण होत होती. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ साली कायदा झाला आहे, त्यात संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तो अर्ज आम्ही दोघींनी मिळून त्या कॉम्प्युटरवर लिहिला. ती सांगत होती, मी टाइप करत होते. मधेच ती थांबायची, मग मीही थांबायचे. प्रिंट काढली, ती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवून गेली. आणि फाइल? फाइल तशीच समोर पडद्यावर राहिली. पुसायची मीच विसरले. दुसऱ्या दिवशी वर्गणीची यादी टाइप करायला एक मुलगा आला. त्याने ती उघडून वाचली. संध्याकाळपर्यंत ती बातमी तिच्या सासरी पोचली होती. ती बाई पुन्हा आमच्याकडे आली नाही.

चूक माझी होती, कॉम्प्युटरची नव्हती. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसली. दहाजणींनी वापरायच्या कॉम्प्युटरला आठवण असता कामा नये. नवी बाई बसली की आधीच्या बाईचं काहीही तिच्या नजरेला पडायला नको. असं कुठे असतं का, हे मात्र माहीत नव्हतं. लग्नानंतर एमएस-सीआयटी केली तेवढंच माझं ज्ञान, आणि त्याआधीची पदवी मराठी वाङ्मयाची!

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या तोंडावर कपाट आवरायला घेतलं, म्हणून तो खाली उतरवला. चालू केला तर पडद्यावर सूचना. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-सुधारणा बंद. घरगुती वापरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची वाढीव सोय ठेवली होती, पण ती म्हणजे भाडेकरूला दिलेली मुदतवाढच. मग विंडोज ११ घ्यावं, तर त्याच्या अटी वधुपरीक्षेसारख्या. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी. आमचा बिचारा पहिल्याच फेरीत नापास. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, "मॅडम, भंगारात द्या. नवीन अडतीस हजारात बसवून देतो." दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींतून आमच्या मंडळाला जे काही मिळतं त्यात नवा माउस येईल!

त्याच सुमारास दिवाळीला माझी भाची आली होती. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला हे रडगाणं सांगितलं तर म्हणाली, "मावशी, यंत्राला काही झालेलं नाही गं. त्याच्या डोक्यावरचा भार उतरव."

तिने सुचवलेल्या गोष्टीचं नाव क्रोमओएस फ्लेक्स. कॉम्प्युटर चालवणारी जी मूळ व्यवस्था असते, ऑपरेटिंग सिस्टीम, तिचाच हा एक प्रकार. विंडोज काढून त्याच्या जागी ही बसवायची. फुकट मिळते.

आता ही हलकी का, ते मला गिरणीवरून कळलं. पूर्वी घरात जातं असायचं, उखळ-मुसळ असायचं, पाटा-वरवंटा असायचा. सगळं काम घरातच, म्हणून सामानही घरातच आणि ताकदही घरच्याच बाईची. मग कोपऱ्यावर गिरणी आली. आपण डबा घेऊन जायचं, दळून आणायचं. घरात जड काहीच ठेवायला नको. विंडोज म्हणजे जात्यापासून खलबत्त्यापर्यंत सगळं घरात मांडून ठेवणारी, आणि क्रोमओएस म्हणजे फक्त डबा. आत मुख्यत्वे एक ब्राउझर, म्हणजे इंटरनेट बघायची खिडकी. पत्र लिहायचं, हिशोब मांडायचा, फोटो ठेवायचा, हे जड काम इंटरनेटच्या पलीकडे कुठल्यातरी मोठ्या कॉम्प्युटरवर होतं. म्हणून अलीकडचं यंत्र जुनं असलं तरी भागतं.

गूगलने हे पहिल्यांदा जाहीर केलं जुलै २००९ मध्ये. ती घोषणा करणाऱ्यांत आपल्या मदुराईत जन्मलेले सुंदर पिचई होते, तेव्हा ते कंपनीचे प्रमुख नव्हते. ही व्यवस्था आतून लिनक्सवर उभी आहे, म्हणजे ज्याचा पाया सगळ्यांसाठी खुला ठेवलेला आहे अशा कामावर. २०११ मध्ये सॅमसंग आणि एसरने 'क्रोमबुक' नावाचे तयार लॅपटॉप आणले. पण जुन्या कॉम्प्युटरची कल्पना मुळात गूगलची नव्हे बरं का! न्यूयॉर्कमधली नेव्हरवेअर नावाची एक छोटी कंपनी 'क्लाउडरेडी' या नावाने शाळांमधले जुने कॉम्प्युटर अशा पद्धतीने पुन्हा चालते करून द्यायची. डिसेंबर २०२० मध्ये गूगलने ती कंपनीच विकत घेतली आणि २०२२ मध्ये तेच काम क्रोमओएस फ्लेक्स या नावाने सगळ्यांना खुलं केलं. कल्पना छोट्याची, पाटी मोठ्याची. आपल्या बचत गटांच्या लोणच्यांचं नाही का तसंच होतं!

बसवायला किती त्रास झाला? भाचीने आपल्या लॅपटॉपवरून एक पेन ड्राइव्ह तयार केला. तो किमान ८ जीबीचा लागतो. यंत्रात किमान ४ जीबी मेमरी आणि १६ जीबी साठवण हवी, प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचा ६४ बिटचा, आणि फार जुना नको. २०१० च्या आधीचा असेल तर वापरताना त्रास होऊ शकतो, असं गूगलच सांगतं. आमच्याकडे नेमकी ४ जीबी होती. काठावर पास!

इथे एक गोष्ट मला फार आवडली. पेन ड्राइव्ह लावून आधी नुसतं चालवून बघता येतं, आतलं काही न पुसता. आम्ही दोन दिवस तसंच वापरलं. पडदा, आवाज, इंटरनेट सगळं चालतंय याची खात्री केली आणि मगच कायमचं बसवलं. कायमचं बसवताना मात्र यंत्रातलं सगळं पुसलं जातं, एकही फाइल राहत नाही. म्हणून आधी मंडळाचे ठराव, जमाखर्च, सहलीचे फोटो सगळं दुसरीकडे उतरवून घेतलं. हे न करता घाईने बटण दाबाल तर मला दोष देऊ नका.

आता बटण दाबल्यावर मिनिटभरात सुरू होतो. चहाची वेळ गेली म्हणून आमच्या काकू नाराज आहेत. झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्हबरोबर जे व्हायरस यायचे ते विंडोजसाठी लिहिलेले, ते इथे चालतच नाहीत. सुधारणा आपोआप होतात, अधूनमधून बंद करून चालू केला की झालं. उच्चाराप्रमाणे टाइप करायचा देवनागरी कळफलक आहे. आणि गूगल डॉक्समध्ये माइक लावून मराठीत बोललं तर ते बोललेलं लिहून देतं! आमच्या काकूंनी मासिक सभेचं इतिवृत्त बोलून लिहिलं. 'सर्वानुमते'चं 'सर्व अनुमते' झालं, पण एवढं चालायचंच. त्यांना टाइप करता येत नाही म्हणून आजवर त्या चिटणीस व्हायला नाही म्हणत होत्या. यंदा झाल्या.

पण माझ्यासाठी खरी गोष्ट वेगळीच होती. सुरुवातीच्या पडद्यावर 'पाहुणा' म्हणून आत जायचं एक बटण आहे. त्यातून आत गेलं, काम केलं, आणि बाहेर पडलं की सगळं पुसलं जातं. कुठली पानं बघितली, काय उतरवलं, कुठल्या मेलमध्ये शिरलात, काही म्हणजे काही शिल्लक राहत नाही. विसरायचं काम यंत्रच करतं. ज्या दिवशी भाचीने हे दाखवलं त्या दिवशी मी तिला तीन वेळा करून दाखवायला लावलं. एक खोटा अर्ज लिहिला, उतरवून ठेवला, बाहेर पडले, पुन्हा आत गेले. नाही! तिला वाटलं मावशीला समजत नाहीये. मला त्या बाईची घडी घातलेली प्रिंट आठवत होती.

आता बुधवारी आणि शनिवारी दुपारी दोन ते पाच आमचं कार्यालय उघडं असतं आणि कुणीही बाई येऊन पाहुणी म्हणून बसू शकते. काम राखून ठेवायचं असेल तर बाहेर पडण्याआधी स्वतःच्या मेलवर पाठवायचं किंवा स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घ्यायचं, हे सुरुवातीलाच सांगतो. पहिल्याच आठवड्यात एकीने दीड तास बसून नोकरीचा अर्ज भरला आणि न पाठवताच बाहेर पडली. सगळं गेलं. रडवेली झाली बिचारी. विसराळूपणाचीही किंमत असते.

एवढं कौतुक केल्यावर गिरणीची दुसरी बाजूही सांगायला हवी. वीज गेली की गिरणी बंद, तसं इंटरनेट गेलं की हा डबा बराचसा रिकामा. काही कामं आधी सोय करून ठेवली तर इंटरनेटशिवाय होतात, पण सरकारी अर्ज थोडाच तसा भरता येतो? आमच्याकडे वायफाय नाही. कुणाचा तरी मोबाइल केबलने जोडतो आणि रिचार्जचे पैसे मंडळाच्या खर्चात लावतो. त्यावरून खजिनदारबाईंशी दर महिन्याला एक चकमक ठरलेली.

विंडोजसाठी बनवलेली कितीतरी कामाची सॉफ्टवेअर इथे बसत नाहीत. टॅली नाही. श्रीलिपी नाही. आमची जुनी इतिवृत्तं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, ती इथे उघडली तर नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसतात. दोघीजणी बसून ती पुन्हा टाइप करतायत. आधारसाठी अंगठा लावायचं यंत्र आमच्याकडे चाललं नाही. मोबाइलवरची ॲप्स क्रोमबुकवर चालतात, फ्लेक्सवर नाहीत. जिच्या घरी हिशोबाचा धंदा आहे किंवा मुलाला कॉलेजसाठी ठरावीक सॉफ्टवेअर लागतं, तिने यात पडू नये.

आणि गिरणीवाल्याला कळतं ना, कुणाच्या घरी बाजरी जास्त दळली जाते, सणाला कुणी किती डाळ आणली! गूगलचा मुख्य धंदा जाहिरातींचा. कायमचं खातं उघडून काम करायचं तर ते गूगलचंच लागतं. पाहुणी म्हणून बसलात तर तुमच्यामागून येणाऱ्याला काही दिसत नाही, पण ज्या वेबसाइटवर गेलात तिला तुम्ही दिसताच, मेलमध्ये शिरलात तर मेलवाल्यालाही. घरातल्या, गावातल्या डोळ्यांपासून लपता येतं, कंपनीच्या डोळ्यांपासून नाही. मला विचाराल तर आमच्याकडे येणाऱ्या बाईला आज पहिल्या डोळ्यांची भीती जास्त आहे, म्हणून मी हे स्वीकारलं. ज्यांना गूगल नकोच, त्यांच्यासाठी लिनक्स मिंटसारख्या व्यवस्था आहेत, त्याही फुकट. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने तर २००७ पासूनच लिनक्सवरची 'बॉस' नावाची व्यवस्था दिली आहे. किती कार्यालयांत दिसते सांगा? आम्हाला एमएस-सीआयटीत विंडोज शिकवलं, मग कॉम्प्युटर म्हणजे विंडोज हेच डोक्यात बसलं. भाकरी म्हणजे ज्वारीचीच असं म्हणण्यासारखं झालं हे.

फुकट आहे म्हणून जन्माची सोय झाली असंही समजू नका. गूगलने कोणत्या मॉडेलवर फ्लेक्स कधीपर्यंत सांभाळणार याची यादी दिलेली आहे, ती बघूनच बसवा. शिवाय २०२५ मध्ये क्रोमओएस आणि मोबाइलचं अँड्रॉइड एकत्र आणणार असल्याचंही कंपनीने सांगितलं आहे. मालक बदलला नाही तरी गिरणीची चक्की बदलणार.

कॉम्प्युटर 'भेट' देणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. तुमच्या ऑफिसातून निघालेली यंत्रं आम्हाला देता, चांगलं आहे. पण देण्याआधी एखाद्या माणसाला अर्धा दिवस बसवून त्यात काय चालेल, कोण वापरणार, हे बघून द्या. हार आणि बॅनरच्या खर्चात मेमरीची एक जादा पट्टी नक्की येते.

एवढं सगळं करूनही एक दार बंदच आहे. परवा एक जण आली, साधारण पस्तिशीची. योजनेचं काहीतरी ऑनलाइन करायचं होतं. पाहुणी म्हणून आत गेली, माहिती भरली, हात सराईत होता. आणि मग ओटीपी. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा. नवरा कामावर. फोन लावला तर "कशाला हवाय? कुठे बसलीस तू?" पाच मिनिटं ती फोनवर समजावत राहिली, तोवर ओटीपीची मुदत संपली. पडद्यावर पुन्हा पाठवायचं बटण दिसत होतं. तिने ते दाबलं नाही. "राहू दे ताई, पुढच्या बुधवारी येते," म्हणाली आणि पर्स उचलून गेली. कॉम्प्युटर तिला लगेच विसरला.

त्यानंतरच्या सभेत आम्ही ठरवलं, जिच्या आधारला स्वतःचा नंबर नाही तिला आधी आधार केंद्रात घेऊन जायचं, मग कॉम्प्युटर. यादी केली. आमच्या एकट्या मंडळात एकोणीस जणी निघाल्या, आणि त्यात आमच्या नव्या चिटणीस काकूही!

दुसरा कॉम्प्युटर मिळण्याचीही चिन्हं आहेत. शाळेच्या अडगळीच्या खोलीत एक पडलाय म्हणे. भाचीला फोनवर मॉडेलचा नंबर वाचून दाखवला. मेमरी फक्त २ जीबी निघाली. ती म्हणाली, "मावशी, त्यात आणखी दोनची पट्टी बसते का ते कुणालातरी उघडून बघायला सांग." शाळेतल्या बाईंना निरोप पाठवलाय. त्या किल्ली शोधतायत.